शेळीचा वास

कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या. थोरलीच्या हातात बाहुलीचा खोका होता.

"धुवू नकोस म्हणून पिशवीवर चिठ्ठी लावली होती मी."

"अहो ताई, शेळीचे केस आपण धुऊनच बाहुल्यांच्या टोपाला लावतो. केवढा उग्र वास येत होता."

"तो वासच हवा होता गिऱ्हाइकाला. त्यांच्या पोरीची शेळी मेली. रोज तिच्या मानेत तोंड खुपसून झोपायची पोरगी. म्हणून बापाने तेच केस बाहुलीसाठी पाठवले."

"मला काय ठाऊक? गुलाबाचा शाम्पू लावला, चांगला महागातला."

"उपकार झाले. न धुतलेले उरलेत?"

"एक केस नाही."

"मग पोरीला फोन तू करायचास."

"रागावेल हो ती."

"रागावली तर परवडलं. नाक खुपसून शोधत बसली तर काय करशील?"