आप्पाजींची पाठ

"या पाठीला आजवर माती लागलेली नाही!" दवाखान्याच्या बाकावरून आप्पाजी पैलवानांनी जाहीर केलं.

"मग गाठ आत ढकलायला रोज उताणं पडतं ते कोण?" शेजारून चंद्राबाई म्हणाल्या.

बाकावर मराठी कळणारी तिसरी फक्त मुग्धा होती. त्र्याण्णव साली पुण्याहून बंगळूरला आल्यापासून घराबाहेर मराठी तिच्या कानावर पडलंच नव्हतं. तिनं मासिकाचं पान उलटायचं थांबवलं.

"हळू बोल. लोक ऐकतात."

"ऐकू देत. जांघेत लिंबाएवढी गाठ, खोकलं की बाहेर येते. डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर दोन वर्षं लंगोट आवळून वर जोर-बैठका!"

"आवळल्यावर आत राहायची ना?"

"आज राहिली? सकाळपासून तीनदा आडवे झालात. गेली आत?"

"नाही."

"दुखतंय?"

"स्वल्प."

"दोनदा ओकलात. गाठ दगडासारखी झालीय, हात लावू देत नाही. हे स्वल्प?"

"चंद्रे, कापतील का गं?"

"कापू देत की. मी आहे ना बाहेर."

"टेबलावर उताणंच झोपवतात म्हणे."

"तिथे तुमची कुस्ती बघायला कोण येतंय?"

आप्पाजींनी कपाळावरचा घाम पुसला नाही. मग पान धरून ऐकत थांबलेल्या मुग्धाकडे त्यांनी मान वळवली.

"अक्का, तुमचा नंबर आमच्या आधी ना? मला देता का? आणि या बाजूनं जरा हात धरा. उठवत नाही."