नाड्यानं बांधलेलं जाकीट

न्हाई दादा, ते न्हाई. खुंटीवरचं नारिंगी न्हाई द्यायचं — दुसऱ्यांदा सांगायले तुमाला. हेच निळं घाला. दाटतंय? दाटू द्या की! जाकीट अंगाला दाटायलाच पाह्यजे, ते काय लग्नातला कोट हाय का? श्वास घ्या बरं मोठा — घेता येतोय ना? मंग झालं. चैन लावा आधी, वरपर्यंत. आता पट्टा — खालचा, कंबरेचा, तो पयला. वरचे मंग. सगळे जण वरचा पयला वढतेत अन् खालून मोकळं राहतंय, मंग पाण्यात पडलं की जाकीट वर अन् माणूस खाली. दोन बोटं जायला पाह्यजेत पट्ट्याखाली. पंजा गेला तर ढिलं. आता हात वर करा — दोन्ही — मी खांद्याला धरून वढते, हलू नका... बघा! आलं ना हनुवटीला? इथं काठावर माझ्या हातानं येतंय, तर पाण्यानं किती येईल? वढा अजून. लाज कशाची, पोट सगळ्यांलाच असतंय. फोटोत चांगलं दिसत न्हाई म्हणं!

पोहायला येतंय तुमाला, ऐकलं मी. कुठं शिकलात — बीडला, टाईल लावलेल्या तलावात? तिथं तळ दिसतो दादा. इथं खाली बाभळी हायेत. धरण व्हायच्या आधी रान होतं हे, झाडं तोडलीच न्हाईत, तशीच उभी हायेत पाण्यात, काटे धरून. अन् वारं बघा — तेलगावाकडून फिरलंय सकाळधरनं. मघाशी पाणी आरशावाणी होतं, आता बघा कसं शहारायलंय. मी अर्धा तास थांबा म्हणायले ते उगंच न्हाई. ताईंनी बघा कसं गुमान घातलं, बसल्यात कडुलिंबाखाली. ताई, ओढणी तेवढी काढून ठेवा, बोटीत न्हाई चालत! — अन् तुमी, बोटीत ते जाकीट काढून बुडाखाली घेऊन बसू नका, आतला फोम दबतोय. अन् ही शिट्टी. वाजवून बघा. पडलात तर वरडायचं न्हाई, वरडताना तोंडात पाणी जातंय. शिट्टी वाजवायची.

परत तिकडंच बघायलेत. अवं, मोठं हाय म्हणूनच न्हाई देत! शिलाई उसवलीय त्याची. कावून हात लावायलेत? ठेवा. ठेवा म्हणले ना दादा...

बरं. न्हाई उसवली शिलाई. बक्कल तुटलंय, तुमी बघितलंच. बाजूचं बक्कल. आमच्या मालकाला, अनिलला, वाटतंय ते बाभळीत घासून तुटलं. न्हाई. ते आधीपासून तुटकं होतं. — हे कुणाला बोलू नका हां. तुमी बीडचे, कुणाला ओळखणार इथं, पण तरी.

एक पोरगी बुडत होती ह्याच्यातून निसटून. वाचली, वाचली — घाबरू नका, ताईंला नका सांगू. माझी नणंद, तेजश्री. अनिलची धाकटी बहीण. बीडला नर्सिंगला हाय, हुशार, आमच्या घरात पयली पोरगी जी होस्टेलला ऱ्हायली. मागच्या दिवाळीत सुट्टीला आलती. त्या दिवशी गर्दी लई, लहान मापाचं एकच जाकीट शिल्लक. अन् तुमच्यासारख्याच एक मॅडम आलत्या, त्यांना नारिंगी मोठं दिलं तर नाक मुरडलं — "हे घाण आहे, हे ढगळ आहे." मंग मी काय केलं? तेजूच्या अंगातलं काढलं अन् मॅडमला दिलं. अन् तेजूला ते नारिंगी. घरचीच हाय, चालतंय. घरच्या माणसाला सगळं चालतंय, न्हाई का? पाव्हण्यांचे फोटो काढायला ती शेजारच्या कयाकमधून, त्या अरुंद होडीतून, जाणार, अर्ध्या तासाचं काम.

ती म्हणली, "वहिनी, हे लई ढिलं हाय, वर यायलंय." बराबर वळखलं पोरीनं. मी म्हणले, "थांब, बांधते." बक्कल तर लागना — मंग परकराचा नाडा होता झोपडीत, तो पट्ट्याच्या कडीत घातला अन् गाठ मारली. तिनं परत म्हणलं, "वहिनी, नाडा?" मी म्हणले, "जा गं, काय समुद्रात निघालीस का?" हसली ती. माझ्यावर भरवसा होता तिचा.

असंच वारं फिरलं. आडवं लागलं कयाकला, अन् उलटली — बाभळीपाशी. काठावरनं सगळ्यांनी बघितलं. अन् नारिंगी वर आलं, लगेच, ठळक, लाटेवर. आता ऐका दादा, हे ऐका — ते नारिंगी दिसलं म्हणून आमी सगळे निवांत झालो! मी सोता म्हणले, "जाकीट हाय तिला, तरंगायली, फिकीर न्हाई." अनिल वल्हं मारत गेला, पण जिवाच्या आकांतानं न्हाई गेला — कशाला जाईल? ती दिसत होती ना. एका पाव्हण्यानं तर मोबाईल काढून शूटिंग चालू केली. अन् अनिलनं जवळ जाऊन जाकीट वढलं, तर हलकं. नुसतं जाकीट. आत कुणीच न्हाई.

त्यानं जाकीट हातात धरून काठाकडं बघितलं. माझ्याकडं. ते तोंड मला अजून दिसतंय.

तेवढ्यात पलीकडच्या अंगाला अंगद म्हशी पाण्यावर घेऊन आलता. दिंद्रुडचा हाय, म्हशी वळतोय. त्याला जाकीट-बिकीट काय ठाव न्हाई, म्हणून तो जाकिटाकडं बघतच नव्हता. त्याला बाभळीच्या शेंड्यापाशी चार बोटं दिसली. चार बोटं, दादा. कपड्यासकट उडी टाकली त्यानं. काट्यानं पाठ फाटली त्याची, पण केसाला धरून वढून काढली तिला. पोटात पाणी, छातीत पाणी, वठ निळे. बीडच्या दवाखान्यात तीन दिवस होती. वाचली.

आता तुमी म्हणाल, वाचली ना, मंग झालं. झालं न्हाई. दवाखान्यात माझ्या सासूबाई — सिंधुबाई — मला म्हणल्या, "आम्रपाली, जाकीट घातलं होतं तर निघालं कसं गं?" तेजू शुद्धीवर यायली होती, नुसती डोळं उघडून बघत होती. अन् मी... माझ्या तोंडातून आलं, "तिनं पट्टा सोडला असंल. दाटत होतं म्हणत होती." एकच वाक्य. इचार करून न्हाई बोलले, खरंच न्हाई — सासरे आबासाहेब समोर उभे, अनिल उभा, सगळे माझ्याकडं बघायलेले... काय बोलणार होते मी? नाडा बांधला म्हणून? तिला त्या दिवसाचं काहीच आठवत न्हाई. डाक्टर म्हणले, असं होतंय. तिनं माझ्याकडं बघितलं अन् हळूच म्हणली, "सोडला असंल वहिनी. चुकलं माझं."

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी हितं आले, नाडा जाकिटाच्या कडीलाच लोंबत होता, एका अंगाची गाठ सुटलेली. काढला अन् चुलीत घातला. वला होता. लवकर जळेना.

असं कावून बघायलेत? मी काय खून केला का? वाचली ना ती! लेकरावाणी केलं मी तिचं महिनाभर, वरणाचं पाणी पाजलं, डोक्याला तेल लावलं... पट्टे वढा तुमचे. वढलेत? बरं.

पण ती कॉलेजला जायना झाली, दादा. शेवटचं वर्ष. सुरुवातीला वाटलं अशक्तपणा हाय. मंग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणली, "वहिनी, जिला सोताचा पट्टा नीट लावता आला न्हाई, ती दुसऱ्याला सुई काय टोचणार? उद्या एखाद्याचं औषध चुकलं माझ्या हातून, तर?" अन् आबासाहेब, देवमाणूस, पण त्यांच्याही मनात बसलंय — "पोरगी हुशार हाय, पण धांदरट. तिच्या जिवावर बेतलं ते दुसऱ्याच्या बेतायला नको." मी तिथंच बसलेली. तवा तापलेला. माझं पीठ हातातच ऱ्हायलं.

उद्या सोमवार. परीक्षेचा फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस हाय. मैत्रिणीचे फोन यायलेत, ती उचलना. काल म्हणली, "जाऊ द्या वहिनी, मी हितंच चहा-नाष्ट्याचं बघते, तुमाला पण मदत." मदत! मला! अन् आज मी ह्या जाकिटांचे पट्टेच वढायले, सकाळधरनं, जो येईल त्याचे — तुमच्या आधी सहा जण झाले, सगळे वैतागून गेले...

काय म्हणलात? सांगून टाका? तुमाला काय जातंय सांगायला! तुमी संध्याकाळी बीडला जाल. मला ह्याच घरात ऱ्हायचंय. अनिलनं तोंड फिरवलं तर? सासूबाई म्हणल्या, "तूच घातलीस माझी लेक पाण्यात" — तर? अन् तेजू... तिनं नुसतं बघितलं तरी...

...

थांबा. मागं वळू नका. ती यायली वरून, किटली घेऊन. हो, तीच. लाल ड्रेसवाली. ती कडुलिंबाच्या पुढं येत न्हाई कधी, तिथंच थांबते अन् हाक मारते. पाण्याजवळ येतच न्हाई आता. बघा — थांबली.

जाकीट काढा, दादा. द्या इकडं. बोट आज न्हाई. न्हाई, वारं बघा की — अन् वारं नसतं तरी न्हाई. ताईंला घेऊन जावा. राग मानू नका. जावा तुमी.

तेजू! किटली ठेव खाली. न्हाई, तू नको येऊ — मीच येते वर.