रुपया कुणाचा?

नांदेडच्या बसस्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत सौदामिनी बाकावर बसली होती. शेजारी धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी आणि त्याची बायको. निघाले होते लग्नाला, पण भांडण काही केल्या मिटत नव्हतं.

“आगं, श्रीलंकेनं हात वर केले! जगाचं कर्ज फेडणार न्हाई म्हणून अख्ख्या देशानं सांगून टाकलं. तिथं आपल्या मिरचीला कोण इचारतंय?”

“हात वर केले, पण मिरची तर खाल्ली ना त्यांनी?”

“माल घेणारा तिथला व्यापारी पैसे देऊन राहिला की. पण त्यांच्या रुपयात. अन् त्यांचा रुपया पार मातीत गेला.”

“त्यांच्या? मग सौदा कोणत्या रुपयात केला व्हता तुमी?”

“रुपयात. रुपया म्हंजे रुपयाच असतो की!”

“कुणाचा रुपया, हे इचारलंच न्हाई?”

“दुप्पट भाव दिला त्यानं. मला वाटलं...”

“अन् तुमी गल्लीभर पेढे वाटले! सोन्याच्या लंकेत माल चाललाय म्हणून माझ्या पाटल्या गहाण टाकल्या!”

“हळू बोल, सिंधे. लोक ऐकून राहिलेत.”

“ऐकू द्या!”

सौदामिनीनं घाईनं मान फिरवून गाड्यांच्या पाट्या वाचायला घेतल्या.

“आता भाचीच्या लग्नात पाव्हण्यांनी तुझे हात बघितले, तर काय सांगायचं?”

“सांगा की, सोनं लंकेला गेलं. लंकेची पार्वती तेवढी घेऊन आलोय.”