विचारलं तेवढंच

वसंतराव : पण कॉलेजनं नाही कशासाठी म्हटलं? काही कारण लिहिलं असंल ना?

चारुता : लिहिलं आहे, बाबा. मी त्याईच्या कॉलेजात रमणार नाही, असं त्याईचं म्हणणं आहे.

वसंतराव : तू रमणार नाही? वर्षभर या घरात त्याच कॉलेजचा जप चालला. तिथं पोरी टक्कल करून फिरतात, पोरं झाडाखाली ढोल बडवतात, अन् कोणी कोणाले हसत नाही. मुलाखतीत बोलली काय तू?

चारुता : तुमी शिकवलं तेच. अमरावतीहून पुण्यापर्यंत गाडीत तेच तर घोकून घेतलं. विचारलं तेवढंच बोलायचं.

वसंतराव : मग बरोबरच आहे. जिंदगी गेली माझी कोर्टात. साक्षीदार जास्त बोलला की केस गेली समज.

चारुता : त्याईनं विचारलं, घरच्याईले पटत नाही असं तू काय करते?

वसंतराव : मग?

चारुता : काहीच नाही म्हटलं. घरच्याईचं सगळं ऐकते म्हटलं.

वसंतराव : अन् ढोलकी?

चारुता : तिचं नाव काढू नको, असं तुमीच बजावलं होतं.

वसंतराव : अवं, शेंदूरजनाघाटच्या डंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, बाप्यांच्या मधात बसून पोरगी ढोलकी वाजवते, हे कोणत्या कॉलेजले सांगते माणूस? मले वाटलं, तुही फजिती होईल.

चारुता : त्याईले तेच ऐकायचं होतं.

वसंतराव : थांब, मी फोन लावतो. चूक माझी आहे म्हणतो.

चारुता : मी लावला सकाळीच. जागा भरल्या.

वसंतराव : मग पुढच्या साली...

चारुता : पुढच्या साली पाठवसान?

(वसंतराव फोन खिशात ठेवतात.)

वसंतराव : अकोल्याले आत्याकडे राहा. लॉ कर.

चारुता : आत्या ढोलकी घरात येऊ देणार नाही.

वसंतराव : नाही देणार.

चारुता : मालूम आहे मले.

वसंतराव : एक सांग. मी बाहेर बाकावर होतो, दार बंद होतं. त्याईले काय पाहिजे, हे तुले समजलंही होतं. मग खरं काहून नाही सांगतलं?

चारुता : दारात तुमी मुलाखत घेणाऱ्या बाईले म्हटलं, ही माझी पोरगी, लय गुणाची आहे. इथं अमरावतीत तुमी कोणाले माही ओळख करून देत नाही, बाबा. आत जाऊन तुमाले खोटं पाडणं मले जमलं नाही.