मलपृष्ठावरची ओळ

टेनेसीतल्या एका दवाखान्यात पाद्री हेन्सली नंबरची वाट बघत बसले होते. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“लोरीन, अगं, हे पुस्तक अजून वाचतेस?”

“श्रद्धा पक्की असेल तर दुखणं राहत नाही, असं लिहिलंय यात. माझा क्लाइड गेला, म्हणजे बायको म्हणून माझीच श्रद्धा कमी पडली.”

“काहीतरीच! कुणी सांगितलं तुला, हे चांगलंय म्हणून?”

“पाद्री हेन्सलींनी. हे बघ, मागे छापलंय, ‘प्रत्येक घरात हवं असं पुस्तक.’ ते काय न वाचता लिहितील?”

हेन्सलींचा नंबर पुकारला. ते उठले आणि लोरीनसमोर जाऊन उभे राहिले.

“बाई, हेन्सली मीच. मी ते वाचलं नव्हतं.”

लोरीनने पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

“मग आता वाचा.”