एक नंबर दादाचा

...आन मंग मीच येडा ठरलो! तुमाले सांगतो, किळस आली मले ह्या मानपानाची, किळस! लग्नात टोपी-उपरण्यावरून रुसणारं आमचं खानदान, ठीक हाय, पण कम्प्युटरच्या नंबरावरून रुसवा? मले सांगा, आकड्याले कुठं मान असते?

झालं काय, आमच्या अकोल्याच्या घरात कम्प्युटर तीन. थोरल्या भगवंतदादाचा, माहा, आन दादाच्या पोरीचा, प्रणालीचा. तिघाइले इंटरनेट वाटून देते ते राऊटरचं डबडं. आन भारनियमन तं रोजचंच! लाइट गेली, आली, की डबडं ज्याले त्याले नवा नंबर वाटणार, मंग माह्या कम्प्युटरचा प्रिंटर कोणाले सापडते? म्हणून जुन्या शहरातून कम्प्युटरवाल्या शाकीबले बलावलं. त्यानं नंबर पक्के करून देले, चिठ्ठीवर लिवून ठेवले. दादा दहा, मी अकरा, प्रणाली बारा. चहा पिऊन गेला बिचारा.

दादानं चिठ्ठी पाह्यली. "अबे खुशाल, मी दहावा? पत्रिकेत पह्यलं नाव कोणाचं असते? माह्याच घरात माह्या आधी हे नऊ जण कोण बसले बे?" म्हटलं, दादा, नऊही रिकामे हायेत. "रिकामे हायेत तं मले एक दे!" देला. ह्याच हातानं देला, चिठ्ठीवरही दहा खोडून एक लिवला! थोरल्याले नाही म्हणाची सवय कुठं हाय आमाले?

आन इंटरनेट ठप्प... साऱ्या घराचं! दिवस कोणता? प्रणालीच्या कृषी कॉलेजच्या फॉर्मचा शेवटचा, पाच वाजेपर्यंत! दोन वर्सं लाल्या पडून आमची कपाशीची पराटी जळली तवा "मी शिकून पाह्यतो काय रोग हाय ते" म्हणणारी पोर, रडकुंडीले आली. मी शाकीबले फोन लावला. "अरे खुशालकाका, एक नंबर तो राऊटर का है! दोनो एक ही जगह बैठेंगे तो नेट किधर से आयेगा?" दादाले सांगतलं, नंबर सोडा. तं दादा काय म्हणते? "राऊटर? राऊटर आपला कोण लागते?"

पाचाले वीस मिनिटं, पोरगी सोताची, आन हा माणूस नातं इचारून राहिला! मले सांगा, आकड्याले कुठं मान असते?

तेवढ्यात कौशल्यावहिनी आली, हात कणकेनं भरलेले. "राहू द्या तुमचा एक नंबर, कोणी नाही घेत," म्हणे, आन दादाच्या कम्प्युटरची मांगून नेटची वायरच उपटली! नेट आलं, पाचाले पाच कमी असतानी फॉर्म भरून गेला. पाचाले लाइट गेली.

वायर तवापासून खिडकीत लोंबून राहिली. दादा कम्प्युटरवर पत्तेच खेळते, त्याले काय फरक? येईल त्या पाहुण्याले चिठ्ठी दाखवते, "घरात पह्यला नंबर आपला!" आन मी बाजूले उभा राहून म्हणतो, हो दादा.

मले सांगा, आकड्याले कुठं मान असते?... असते बापा, असते. फक्त वायर काढून ठेवा लागते!