सूर्यचुलीवरचा चहा

आमचे सासरे पहिल्यांदा भोकरदनला आमच्या घरी आल्ते, तेव्हाची गंमत सांगतो. आले खरे, पण पाण्याच्या तांब्याला हात लावेनात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं न्हाई, हा त्यांचा नेम. बायकोचं तोंड एवढंसं झालं.

मी पडलो सायन्सचा मास्तर. केबलवाल्याच्या मोडक्या डिशमध्ये आरशाचे तुकडे चिकटवून अंगणात सूर्यचूल केल्ती. म्हणलं, "अण्णा, दूध शेजारच्या म्हशीचं, पाणी नळाचं, आच सूर्यदेवाची. आमच्या घरचं त्यात काय हाय?"

सासऱ्यांनी जरा विचार केला. "मंग हरकत न्हाई."

पाण्याचं पातेलं ठेवलं अन् मी त्यांना विज्ञान समजावत बसलो. त्या नादात डिश उन्हाकडं फिरवायची राहिली, झोत पातेल्यावरून बाजूला सरकला. किती वेळ झाला तरी वाफ दिसेना. "बघू तरी," म्हणत सासरे वाकले, ते नेमके झोतात.

"अण्णा, पटका!" बायको ओरडली. पटक्यातून धूर निघून राह्यला होता. तिनं पातेलं उचललं अन् सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं.

सासऱ्यांनी मिशीवरचं पाणी पुसलं.

"बरं झालं, जावईबापू, तुमचं पाणी तापलं न्हवतं." मंग लेकीकडं वळले. "आता तुह्या हातचं पाणी घेतलंच हाय, तर चहा बी टाक. पन स्टोव्हवर."